मेणबत्ती जळताना वासच येत नाही, मोगऱ्याच्या तेलाने साबण दगड झाला. कुठे चुकतंय?

मोगरावेडी, खारघर
नमस्कार मंडळी, दिवाळीआधी आमच्या सोसायटीत दोन दिवस स्टॉल लागतात, तिथे मेणबत्त्या आणि साबण ठेवायचे असं मी आणि जाऊबाईंनी ठरवलंय, पण दोन्हीकडे अडकलोय. मेणबत्ती सोया वॅक्सची, काचेच्या ग्लासात, एकात 200 ग्रॅम मेण बसतं आणि त्यात मी चंदनाच्या फ्रेग्रन्स ऑइलचे वीस थेंब टाकते. थंड असताना ग्लास नाकाशी नेला तर थोडासा वास येतो पण पेटवली की काहीच नाही, हॉलमध्ये बसलेल्या माणसाला मेणबत्ती लावलीय हे कळतसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीच लावून बघितली होती. एकदा व्हॅनिलाचं तेल संपलं म्हणून केकमध्ये घालतो तो इसेन्स घातला तर तो तळाशी थेंब थेंब होऊन बसला.

साबण कॉस्टिक सोड्याचा, कोल्ड प्रोसेस म्हणजे न शिजवता केलेला, खोबरेल, ऑलिव्ह आणि थोडं एरंडेल. आतापर्यंत बिनवासाचे केले ते सगळे छान झाले. परवा मोगऱ्याचं तेल ओतलं, हँड ब्लेंडर फिरवला आणि दहा सेकंदात सगळा घोळ घट्ट शिऱ्यासारखा झाला, स्पॅच्युला उभा राहिला त्यात! साच्यात चमच्याने दाबून भरला, आत सगळ्या पोकळ्या. हे तेल अगरबत्तीवाल्यांना माल देणाऱ्या एका दुकानातून आणलं, बाटलीवर फक्त 'मोगरा' एवढंच लिहिलंय. तेल खराब आहे का माझंच काही चुकतंय? आणि नणंदेचं बाळ आठ महिन्यांचं आहे, त्याच्यासाठी पण एक साबण करायचाय, त्यात कुठला वास घालू?

वातवाला, नौपाडा
ताई, पहिलं काम म्हणजे थेंब मोजणं सोडा आणि एक ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवणारा वजनकाटा घ्या. वीस थेंब म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, 200 ग्रॅम मेणात तो कुठे जाणवणार! सोया वॅक्सला साधारण 6 ते 10 टक्के तेल चालतं, तुम्ही 7 पासून सुरुवात करा म्हणजे 14 ग्रॅम. पण मेणाच्या पाकिटावर कमाल किती लिहिलंय ते बघा आणि त्याच्या वर जाऊ नका, जास्तीचं तेल मेण धरत नाही, वर घाम आल्यासारखं सुटतं, वात तुंबते आणि काजळी धरते.

दुसरं म्हणजे तापमान. मेण 80 ते 85 अंशांना असताना तेल घाला आणि दोन मिनिटं सावकाश ढवळा, घड्याळ लावून. थंड होत आलेल्या मेणात घातलं तर नीट मिसळत नाही. वास उडून जाईल या भीतीने बरेच जण अगदी शेवटी घालतात, मीही सुरुवातीला तेच करायचो, आणि वास कमीच यायचा.

तिसरं, दुसऱ्या दिवशी लावून बघू नका. सोयाला मुरायला निदान दहा ते चौदा दिवस द्या, झाकण लावून. लोणचं मुरतं तसंच आहे हे, घाईत चव कळत नाही. पॅराफिनला तीन-चार दिवस पुरतात.

आणि वात. ही सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट आहे म्हणून जरा जास्त लिहितो. वास ज्योतीतून येत नाही, वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून येतो. ग्लास 7 सेंटिमीटर रुंद असेल आणि वात बारीक असेल तर मधोमध विहीर पडते, कडेचं मेण तसंच राहतं, मग चांगलं तेल घालूनही वास नाही. पहिल्यांदा लावाल तेव्हा अडीच-तीन तास जळू द्या आणि बघा तळं कडेपर्यंत पोचतं का. नाही पोचलं तर एका नंबराने जाड वात घ्या. प्रत्येक तेलाबरोबर वात परत तपासावी लागते कारण काही तेलांनी मेण दाटसर जळतं. पंख्याखाली तपासू नका.

इसेन्सचं म्हणाल तर तो पाण्यात विरघळणारा असतो, मेण म्हणजे तेलकट, दोघांचं जमत नाही. आणि मेणात पाण्याचा थेंब राहिला तर जळताना तडतडतो, ते टाळाच.

साबणकट्टा, ऐरोली
मोगरा, लवंग, दालचिनी हे वास कोल्ड प्रोसेसमध्ये घोळ पटकन घट्ट करतात, त्यामुळे सगळा दोष तुमचा नाही. पण अगरबत्तीचं तेल साबणात घालू नका. त्यात वास पातळ करायला काय घातलंय हे बाटलीवर नसतं आणि ते अंगाला लावायच्या वस्तूसाठी केलेलंच नसतं. साबणासाठी म्हणून विकतात ते घ्या आणि दुकानदाराकडे इफ्राचं, म्हणजे सुगंधी तेल कशात किती चालतं ते ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांप्रमाणे असलेलं, सर्टिफिकेट मागा. त्यात प्रत्येक प्रकारच्या वस्तूला वेगळी मर्यादा असते, साबण 9 नंबरच्या गटात, मेणबत्ती 12 च्या. मेणबत्तीत भरपूर चालणारं तेल साबणात अगदी थोडंच चालतं असं होऊ शकतं. एरवी मी एकूण तेलांच्या वजनाच्या 3 टक्के घालते, 500 ग्रॅम तेलाला 15 ग्रॅम.

फुलांच्या वासाला माझी पद्धत अशी की तेलं आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही 35 अंशांच्या आसपास उतरू देते, घोळ जेमतेम एकजीव झाला की ब्लेंडर बाजूला ठेवते आणि वास हाताने व्हिस्कने मिसळते, साचा शेजारी तयारच असतो. परवाचा घोळ फेकला नसेल तर सोडू नका, तेलांची आणि कॉस्टिकची वजनं बरोबर असतील तर स्टीलच्या भांड्यात डबल बॉयलरवर, म्हणजे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून, शिजवून साच्यात भरता येईल. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि हातमोजे घालाच.

व्हॅनिलाने साबण चॉकलेटी होतो, त्यातल्या व्हॅनिलिनमुळे. रंग पांढरा हवा असेल तर तो वास टाळा.

बाळाच्या साबणात कुठलाच वास घालू नका. फ्रेग्रन्स ऑइल नको आणि झाडापानांपासून काढलेलं इसेन्शियल ऑइल पण नको, 'नैसर्गिक आहे' म्हणून चालतं असं नाही. आठ महिन्यांच्या कातडीला बिनवासाचं काही द्यायचं तेही डॉक्टरांना विचारूनच.

कोपरखैरणेकर
एक महत्त्वाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरी वापरायला, नातेवाइकांना द्यायला साबण करा, पण विकायचा असेल तर साबण आपल्याकडे कॉस्मेटिकमध्ये मोडतो आणि कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे बनवून विकायला लायसन्स लागतं, ते एफडीएकडून, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतं. सोसायटीच्या स्टॉलवर कुणी विचारणार नाही असं वाटतं, पण कुणाच्या अंगाला पुरळ उठलं तर काय सांगणार? या दिवाळीला स्टॉलवर मेणबत्त्याच ठेवा, असं माझं मनापासून मत आहे. आणि प्रत्येक ग्लासखाली 'मुलांपासून, पडद्यापासून लांब ठेवा, एका वेळी चार तासांहून जास्त जाळू नका' एवढी चिठ्ठी चिकटवा.

मोगरावेडी, खारघर
सगळ्यांचे खूप खूप आभार. उशिरा लिहितेय कारण मुरायला वेळ द्यायचा होता. चंदन 14 ग्रॅम घालून तीन ग्लास केले, 82 अंशांना तेल घातलं, तेरा दिवस कपाटात ठेवले. काल संध्याकाळी देवघराशेजारी एक लावला आणि अर्ध्या तासाने सासूबाई बेडरूममधून विचारतायत, चंदन उगाळलंस का गं? मग बाकीचे दोनही लावून बघितले, तिन्ही ग्लास एकसारखेच जळले, पण कडेला बोटभर मेण तसंच राहतंय, म्हणजे वात जाड हवी. दोन साइझच्या आणून परत करते. साबण शिजवला, झाला एकदाचा, थोडा खडबडीत आहे पण फेस छान येतो, मात्र तेल अगरबत्तीचं म्हणून तो फक्त भांडी घासायला ठेवलाय. स्टॉलवर मेणबत्त्याच ठेवणार. वातवाला दादा, 9 सेंटिमीटरच्या ग्लासात दोन वाती लावल्या तर चालतील का?