रोख देता की फोनवरून? महिन्याच्या खर्चाचे तुमचे अनुभव लिहा

सहकारनगर, धागा काढणारी

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी गेल्या महिन्यात पगार वाढवून मागितला. महागाई बघता तो मागायलाच हवा होता. पण जाताना दारात थांबून म्हणाल्या, "ताई, आणि पैसे फोनवर नका टाकू. हातात देत जा."

कारण विचारलं तेव्हा कळलं. खातं मावशींच्या नावाचं, पण त्याला जोडलेला नंबर मुलाचा आणि ॲपही त्याच्याच फोनमध्ये. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याला जातो. मावशी घरी पोचेपर्यंत त्यातले किती उरलेत हे त्यांना त्याला विचारावं लागतं. मी तीन वर्षं दर एक तारखेला बटण दाबत होते आणि पगार वेळेवर दिल्याचं समाधान मानत होते.

ते ऐकल्यावर मी माझाही हिशोब काढून बसले. लॉकडाऊनच्या आधी कपाटात पाकिटं असायची: दूध, भाजी, किराणा, औषधं, मावशी. भाजीचं पाकीट वीस तारखेलाच पातळ झालं की कळायचं, आता घरात कडधान्यं भिजवायची. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरच्या वर गेले, तेव्हा मी ते नेहमीसारखेच घेत राहिले, कारण तेव्हा पाकीटच नव्हतं. परवा दोन महिन्यांचं बँकेचं विवरण छापून घेतलं. त्यातले निम्म्याहून जास्त व्यवहार शंभर रुपयांच्या आतले निघाले. कोथिंबीर, पाव, झेरॉक्स, पार्किंग. एकही उधळपट्टीचा नव्हता, तरी बेरीज बघून मी गप्प झाले.

तुम्ही कसे देता पैसे? त्याने तुमचं महिन्याचं गणित बदललं का? आणि घरातला पैसा नक्की कुणाच्या हातात असतो? मोकळेपणाने लिहा.

बिबवेवाडी, भाजीचा गाडा (मुलगी लिहून देते आहे)

माझे वडील सांगतात तसं लिहिते. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल उचलायचा तर ते बहुतेक रोखीने देतात. दिवसभर गिऱ्हाईक फोन दाखवून पैसे देतं. म्हणजे कमाई बँकेत आणि गरज खिशात. मग एटीएम. आपल्या बँकेच्या एटीएममधून महिन्याला ५ वेळा फुकट, आणि ज्या सहा महानगरांत ही मर्यादा कमी आहे त्यांच्या यादीत पुणे नसल्यामुळे दुसऱ्या बँकेच्या एटीएममधूनही ५ वेळा. रोज माल उचलणाऱ्याला दहा वेळा पुरत नाहीत. त्यानंतर दर वेळेला २३ रुपये अधिक कर. दोन जुड्या मेथीचा नफा तिथेच जातो.

एकदा खातंच गोठलं. कुणीतरी कुणाला तरी फसवून मिळवलेल्या पैशातून आमच्याकडे भाजी घेतली होती. रक्कम १४० रुपये. तक्रार कुठल्यातरी दुसऱ्या राज्यात झाली होती आणि आमचं सगळं खातं अकरा दिवस बंद. आत अठरा हजार होते. माल भरायला वडिलांनी शेकड्याच्या व्याजाने उसने पैसे घेतले, त्याचं व्याज आजही त्यांच्या मनातून जात नाही.

पण वडील हेही लिही म्हणतात. सुट्ट्यांची कटकट गेली, फाटकी नोट कुणी खपवत नाही, आणि फोनवरच्या व्यवहारांमुळे फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेत त्यांना आधी १०,०००, ते फेडल्यावर २०,००० असं कर्ज मिळालं. त्याआधी त्यांना कुठलीही बँक दारात उभी करत नव्हती. म्हणून क्यूआर कोड काढणार नाहीत. फक्त आता रोज रात्री दुसऱ्या दिवसाच्या मालापुरते पैसे घरात असले पाहिजेत, हा नियम केला आहे. जे गिऱ्हाईक रोख देतं त्याला ते कढीपत्ता जरा जास्त घालतात.

वाकड, आयटीत नोकरी

मी कार्डाबद्दल लिहितो, कारण माझं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये असं मनापासून वाटतं.

घरभाडं दर अकरा महिन्यांनी वाढत होतं, पगार तसा वाढत नव्हता. फरक मी क्रेडिट कार्डावर ढकलत गेलो. किराणा, पेट्रोल, मुलीची फी. बिलावर दोन आकडे असतात: एकूण रक्कम आणि 'किमान देय'. मी किमान देय भरत राहिलो. थकबाकी ८०,००० झाली तेव्हा पहिल्यांदा कागदावर आकडेमोड केली. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे २,८०० रुपये. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५०४. मी भरत होतो ४,०००. मुद्दलातून कमी होत होते सातशेसुद्धा नाहीत. आणि मला माहीतच नव्हतं की मागचं बिल पूर्ण भरलं नाही तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर आजपासून व्याज.

बायकोला सांगायला मला पाच महिने लागले. तिने एका संध्याकाळी तिच्या पाटल्या काढून ठेवल्या. त्यांवर सोनेतारण कर्ज काढलं, कार्ड एका दमात फेडलं, आणि ते कर्ज दोन वर्षांत. पाटल्या परत आणल्या त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही.

कार्ड ठेवलं आहे. वडिलांना रात्री दोन वाजता दवाखान्यात दाखल करताना अनामत भरायला तेच उपयोगी पडलं होतं, ते मी नाकारणार नाही. पण आता ते कपाटात असतं, आणि वापरलं तर त्याच आठवड्यात पूर्ण भरतो.

नारायण पेठ, निवृत्त

वरच्या चिरंजीवांचं वाचून वाईट वाटलं आणि त्यांनी ते लिहिलं याचं बरंही वाटलं. आमची गोष्ट उलटी आहे. आम्ही कर्ज काढलंच नाही, नुसते साठवत राहिलो.

शहरातल्या एका सहकारी बँकेत आमची आयुष्यभराची ठेव होती. एके दिवशी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. शाखेबाहेर आमच्याच वयाची माणसं उन्हात पासबुकं घेऊन उभी होती. स्वतःचे पैसे काढायला अर्ज, तोही आजारपणाचा किंवा लग्नाचा पुरावा जोडून. त्या वेळी ठेवींवरचं विमा संरक्षण एका लाखापुरतं होतं. ते ५ लाख झालं फेब्रुवारी २०२० पासून. तेव्हापासून ठेवी वेगवेगळ्या बँकांत ५ लाखांच्या आत ठेवतो आणि सगळ्यांना तेच सांगतो.

त्या धसक्याने घरात रोख ठेवायला लागलो. मग ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र उजाडली. पाचशे आणि हजाराच्या नोटा. हिने फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेल्या, मला न सांगितलेल्या नोटाही त्या आठवड्यात बाहेर आल्या. माझ्यासमोर त्या मोजताना तिचे डोळे भरले होते. ते पैसे काही चोरीचे नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात तिचे स्वतःचे म्हणावेत असे तेवढेच होते. रांगेत उभं राहून ते खात्यात भरले आणि खातं दोघांच्या नावाचं. त्यानंतर ते 'तिचे' राहिले नाहीत. धागा काढणाऱ्या ताईंनी मावशींबद्दल लिहिलं, तेव्हा मला हे आठवलं.

आता दोन महिन्यांचा खर्च घरात, शंभर-दोनशेच्या नोटांत. बाकी बँकेत. फोनवरून पैसे द्यायला नातवाने शिकवलं आहे, औषधाच्या दुकानात तेवढं करतो. आणि हिच्या एकटीच्या नावाचं खातं गेल्या दिवाळीत उघडलं.

कसबा पेठ, किराणा दुकान

थोडक्यात दुकानदाराची बाजू. फोनवरून खात्यातून थेट पैसे आले तर मला बँकेला काही द्यावं लागत नाही, जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. क्रेडिट कार्ड मशीनला लावलं की दोन टक्क्यांच्या आसपास कापले जातात. साखरेच्या किलोमागे मला सुटतो रुपया-दीड रुपया. म्हणून साखर-तेलाचं मोठं बिल कार्डावर नको म्हणतो, त्यात गिऱ्हाइकाचा अपमान नसतो.

महागाई मला तारखेवर दिसते. एक ते दहा तारखेत लोक दोन किलो तूरडाळ नेतात. वीस तारखेनंतर तीच माणसं पाव किलो मागतात. आणि उधारीची वही, जी मी माळ्यावर टाकली होती, ती पुन्हा गल्ल्याशेजारी आली आहे. ज्यांच्याकडे रोखही नाही आणि खात्यातही नाही, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग तोच आहे. मी त्यावर व्याज लावत नाही, वडिलांनीही लावलं नाही.

नवी पेठ, स्पर्धा परीक्षा

बाबा शेतकरी. सोयाबीनचे पैसे आले की एकदम तीन महिन्यांचे पाठवतात. खोली कॉटबेसिसवर (म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने), मेस, अभ्यासिका हे एक तारखेला जातं. त्यात भर म्हणजे १ जून २०२५ पासून पीएमपी बसचं किमान तिकीट १० रुपये आणि मासिक पास १,५०० चा झाला. पास सोडला, चालतो.

उरलेल्या पैशांचं सांगतो. मी दर रविवारी ठरावीक रक्कम यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे ॲपमधल्या छोट्या खर्चाच्या वेगळ्या कप्प्यात, भरतो आणि आठवडाभर चहा, पोहे, झेरॉक्स त्यातूनच. ते संपलं की पुढच्या रविवारपर्यंत बाहेर काही नाही. मोठ्या खात्याला हातच लावायचा नाही. ताईंच्या पाकिटांसारखंच आहे, फक्त फोनमध्ये. वडिलांनी सोयाबीन किती भावाने विकलं हे मला माहीत असतं, त्यामुळे दुसऱ्या चहाला नको म्हणणं अवघड जात नाही.

धनकवडी, रिक्षा

पहिल्या दीड किलोमीटरला २५, पुढे किलोमीटरला १७. मीटर ४७ झाला तर पूर्वी लोक पन्नास देऊन "राहू दे" म्हणायचे. फोनवर बरोब्बर ४७ येतात. त्यात चूक काही नाही, मीटर तेवढाच आहे. पण दिवसाला तीस-चाळीस रुपये असे यायचे, त्यात मुलांना खाऊ व्हायचा.

दुसरी गोष्ट सांगायची होती. आधी रात्री घरी आलो की खिशातले सगळे पैसे देवापुढे ठेवायचो, बायको मोजायची, सीएनजीचे बाजूला, हप्त्याचे बाजूला, उरलेले तिच्याकडे. आता खिसा रिकामाच असतो, पैसे माझ्या फोनमध्ये. तिने कधी तक्रार केली नाही. हा धागा वाचून काल मी तिला विचारलं. म्हणाली, "आता तुमच्याकडे मागावं लागतं, तेव्हा मागावं लागत नव्हतं." आजपासून रोज संध्याकाळी तिच्या खात्यावर पाठवणार आहे. तिच्या फोनमध्ये ॲप मीच टाकून दिलं, पिन तिने स्वतः ठरवला. मी पाहिला नाही.

पिंपळे सौदागर

मला दिसत नाही, म्हणून वेगळी बाजू. २०१६ नंतरच्या नोटा आकाराने एकमेकींच्या फार जवळ आहेत. बोटांनी शंभर आणि दोनशे ओळखताना माझी चूक होते, आणि चूक झाली तर ती मला घरी गेल्यावर कळते, किंवा कळतच नाही. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' हे नोट ओळखून सांगणारं ॲप आहे, पण भरगर्दीत तुळशीबागेत नोट फोनसमोर धरून उभं राहणं सुरक्षित वाटत नाही. फोनवरून पैसे देताना मात्र प्रत्येक आकडा मला ऐकू येतो, आणि दुकानातला डबाही रक्कम बोलून दाखवतो. माझ्या व्यवहाराला मला साक्षीदार लागत नाही. रोख जपा म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, एवढीच विनंती.

सहकारनगर, धागा काढणारी

सगळ्यांचे दोन-दोनदा वाचले. पिंपळे सौदागरच्या अनुभवाने मला माझा प्रश्न एकेरी वाटला. मी रोख विरुद्ध फोन असं धरून चालले होते.

मावशींचं पुढे काय झालं तेही सांगते. त्यांच्याबरोबर मी बँकेच्या शाखेत गेले. त्यांनी स्वतःच्या नावावर सिमकार्ड घेतलं होतं, साधा बटणांचा फोन. अर्ज भरून खात्याला तो नंबर जोडला, त्यामुळे आता मेसेज त्यांना येतो आणि मुलाच्या फोनमधलं ॲप त्या खात्यापुरतं बंद पडलं. घरी त्यावरून भांडण झालं. दोन दिवस मावशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि कणीक मळायला बसल्या, मीही काही विचारलं नाही.

पगार आता असा ठरला आहे: काही रक्कम हातात आणि काही पोस्टातल्या आवर्ती ठेवीत. ठेवीचं पुस्तक सध्या माझ्या कपाटात आहे, ते त्यांनीच ठेवायला सांगितलं. हातात द्यायच्या नोटा मात्र शंभराच्याच हव्यात, पाचशेची नको. घरात पाचशेची नोट मोडायला दिली की सुट्टे परत येत नाहीत, असं म्हणाल्या. या महिन्याच्या शंभराच्या नोटा मी काल बँकेतून आणून ठेवल्या आहेत.