मुरबाड-शहापूरमध्ये विद्यार्थ्यांकडून भाताची प्रात्यक्षिके: नियोजन कसं करावं?

प्रश्न: कृषी महाविद्यालयाच्या ग्रामीण कार्यानुभवात यंदा ठाणे जिल्ह्यातल्या गावांत चारसूत्री (चार सूत्रांच्या सुधारित लागवड पद्धतीने) भाताचे प्लॉट घ्यायचे आहेत. निधी तुटपुंजा, प्राध्यापक कमी. काय सांभाळावं?

उत्तर १: प्लॉट लहान ठेवा, पण नीट करा. प्रत्येक शेतकऱ्याकडे दोन गुंठे पुरेत. सुधारित (खुणा केलेल्या) दोरीवर १५-२५ सेंमी आलटून पालटून अंतर, चुडात (एका जागी लावलेल्या जुडीत) २-३ रोपं. चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपी खताची २.७ ग्रॅमची एक गोळी, म्हणजे गुंठ्याला ६२५. ती लावणीच्या दिवशीच हाताने ७-१० सेंमी खोल खोचा. चिखल आवळला की गोळी वरच राहते, नत्र वाया जातं. पावसाळी हवेत गोळ्या पाणी धरून फुटतात, पोती बंद ठेवा.
शेजारी त्याच शेतकऱ्याचा, त्याच वाणाचा, त्याच दिवशी लावलेला नेहमीचा प्लॉट हवाच. तो नसेल तर उत्पादनाचे आकडे कशाशी ताडणार?

उत्तर २: मनुष्यबळाकडे आधी बघा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तासाचेच पैसे मिळतात, मग तो बांधावर कशासाठी जाईल? नेमणुकीच्या आदेशातच गावभेटी आणि प्रवासभत्ता लिहा. गोळ्या आणि दोऱ्यांची खरेदी मे महिन्यातच उरका. मंजुरी जुलैत आली तर लावणी हातची जाते.

उत्तर ३: निधीच्या पावत्या लेखाशीर्षानुसार (खर्चाच्या प्रकारानुसार) वेगळ्या ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) अडलं की पुढचा हप्ता अडतो.