अंड्यापेक्षा ब्लास्टुला घ्या
ताई, सी अर्चिनच्या (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) अंड्यांतून केंद्रकं काढताना नुसता लगदा मिळतो आणि भ्रूणातून मात्र बरी निघतात, असं का, हा तुमचा प्रश्न. साधा हिशोब करा. अंडं साधारण १०० मायक्रॉनचं, त्यातलं केंद्रक १०-१२ मायक्रॉनचं. म्हणजे आकारमानात हजारात एक-दोन भाग! बाकी सगळं पेशीद्रव्य आणि पीतक, म्हणजे अंड्यातला अन्नसाठा. ब्लास्टुलात, म्हणजे पेशींच्या पोकळ गोळ्यासारख्या सुरुवातीच्या भ्रूणात, तेवढ्याच ऐवजात शेकडो केंद्रकं असतात.

पण भ्रूणाची खरी अडचण फलन-आवरणाची, म्हणजे फलन होताच अंड्याभोवती तयार होणाऱ्या पापुद्र्याची. ते एकदा कडक झालं की काही केल्या फुटत नाही. म्हणून फलनाच्या आधीच पाण्यात अमिनोट्रायझोल घालायचं. कडकपणा आणणारं पेरॉक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) त्याने थांबतं. मग आवरण बारीक जाळीतून गाळताना निघून जातं. पुढे कॅल्शियमविरहित समुद्रजलात धुवायचं, कमी क्षारांच्या बफरमध्ये थोडा ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) घालून पेशी फोडायच्या आणि सुक्रोजच्या (साखरेच्या) दाट थरावरून सेंट्रिफ्यूज.

बफरमध्ये स्पर्मिडीन विसरू नका, केंद्रकं त्यानेच शाबूत राहतात. बडोद्याला समुद्र कुठला, आमचे नमुने ओख्याहून यायचे, निम्मे वाटेतच दगावायचे. उरलेल्यांवर मी एकदा स्पर्मिडीनशिवाय बफर केला. केंद्रकं फुटली, डीएनए बाहेर आला आणि पिपेट उचलल्यावर शेंबडासारखी तार लोंबत राहिली. सरांनी ती सगळ्या वर्गाला दाखवली.

अंड्यातलंच केंद्रक हवं असेल तर तारामाशाचं अपक्व अंडं बघा. त्यातलं केंद्रक इतकं मोठं असतं की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ठसठशीत दिसतं. फक्त १-मिथाइलॲडेनिनचा, म्हणजे अंडं पक्व करणाऱ्या तारामाशाच्या संप्रेरकाचा, स्पर्श होऊ देऊ नका, नाहीतर केंद्रकाचं आवरण आपोआप विरघळतं.