सुवाला जहाज एकच दिवस थांबणार, आई आणि मुलांना घेऊन काय करू?

रत्नागिरीची_लेक
नमस्कार मंडळी, भाऊ सिडनीला असतो, त्याने आम्हा सगळ्यांचं तिकडून क्रूझचं बुकिंग केलंय. त्यात फिजीला सुवात सकाळी उतरायचं आणि संध्याकाळी परत जहाजावर. आईचे गुडघे दुखतात आणि दोन्ही मुलांना फक्त पाण्यात डुंबायचंय. जहाजवाल्यांच्या टूर फार महाग वाटतायत, आपलं आपण फिरलं तर जमेल का? आणि आई फणसपोळी, लाडू सगळं बांधायला बसलीय, ते चालतं का?

तारकर्लीकर
ताई, पुळणीसाठी सुवा नाही. शहराजवळ चिखल आणि कांदळवनच जास्त, चांगली पुळण पॅसिफिक हार्बरकडे, गाडीने तासभर. गेलातच तर मुलांना बूट घाला आणि कोरलवर पाय ठेवू देऊ नका, ते जिवंत असतं, एक फांदी मोडली की भरून यायला वर्षं जातात. मी इथे स्नॉर्कलिंगला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो.

दापोली_ते_सिडनी
मी तर म्हणेन शहरातच थांबा. जहाज किंग्ज वार्फला लागतं, तिथून मार्केट चालत जाण्याइतकं जवळ, खाली भाजी, अळकुड्या, नारळ आणि वर यंगोना म्हणजे कावा नावाच्या तिथल्या पेयाची मुळं, आपल्या मिरीच्याच कुळातलं झाड ते. वर जिना आहे, आईंना खालीच बसवा, त्यांना गप्पांना माणसं मिळतील कारण तिथले कितीतरी विक्रेते गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज, घरात फिजी हिंदी बोलतात. 1879 ला लिओनिडास नावाचं पहिलं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन आलं, 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसं अशी करारावर नेली, उसाच्या मळ्यात राबवली. थर्स्टन गार्डनमधल्या म्युझियममध्ये हे सगळं मांडलंय, मुलांना दाखवाच, पाण्यात काय इथे गणपतीपुळ्यालाही खेळतील. फक्त वार रविवार नाही ना बघा, मार्केट बंद असतं.

देवगड_हापूस
खाऊ जहाजावरून खाली नेऊ नका, फिजीत तपासणी कडक आहे. सिडनीला उतरतानाही फणसपोळी डिक्लेअर करायची, लपवली तर मोठा दंड. व्हिसा फिजीचा आधी काढावा लागत नाही पण ऑस्ट्रेलियाचा मल्टिपल एन्ट्रीच हवा, परत तिथेच उतरणार ना तुम्ही. आणि घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही, त्यांच्या टूरसाठीच थांबतात.

रत्नागिरीची_लेक
खूप आभार सगळ्यांचे, गुरुवार आहे, बरं झालं. मग मार्केट आणि म्युझियमच करतो. हिंदी चालतं म्हटल्यावर आईची कळीच खुलली, विचारतेय नीरफणस मिळेल का तिथे.

दापोली_ते_सिडनी
हो तर, तिकडचंच झाड ते, उतो म्हणतात, सीझन असला तर ढीग दिसतील. शिजवलेला तिथेच खा, कच्चा जहाजावर नेऊ देणार नाहीत.