डोक्याच्या दुखापतीनंतर सायलोसायबिन, इबोगेन : नातेवाइकांना नेमकं काय सांगायचं?

फिजिओ_विश्रामबाग
नमस्कार. सांगली-मिरजेकडे अपघातात डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या घरी हल्ली एकच विचारणा होते : 'परदेशात मशरूमच्या औषधानं मेंदू पुन्हा जोडतात म्हणे, आपल्या माणसाला देता येईल का?' व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओत सायलोसायबिन (मशरूममधलं भ्रम घडवणारं द्रव्य), एलएसडी (तसंच एक भ्रम घडवणारं रसायन), इबोगेन (आफ्रिकेतल्या इबोगा झुडपातलं द्रव्य) सगळं एकाच पातेल्यात घातलेलं असतं. नुसतं 'नादी लागू नका' म्हटलं की लोक दुसरीकडे चौकशी करतात, म्हणून कारणासकट उत्तर हवं आहे.

नमुन्याचा रुग्ण असा धरा : वय ३२, दुचाकी, हेल्मेट नाही. दाखल होताना जीसीएस (भान मोजायचे गुण, ३ ते १५, कमी म्हणजे वाईट) ६. डाव्या बाजूचं कवटीचं हाड काढलेलं, अजून बसवलेलं नाही. एमआरआयमध्ये डिफ्यूज ॲक्सोनल इंजुरी (मेंदूतले तंतू ठिकठिकाणी तुटणं). आता पाचवा महिना. फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅम ५०० दोन वेळा, नैराश्यावरचं एस्सिटॅलोप्रॅम १०, खांदादुखीसाठी ट्रॅमाडॉल. आधार दिला की बसतो, दोन-दोन शब्द बोलतो, मध्येच भडकतो.

अशा माणसाला यातल्या कशाचा उपयोग दिसलाय का? आणि धोका नेमका कुठे?

न्यूरो_मिरज
मॅडम, व्हिडिओवाल्यांचा मुख्य आधार म्हणजे स्टॅनफर्डच्या गटाचा अभ्यास, जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेला. त्यात ३० जण होते, सगळे अमेरिकी सैन्याच्या विशेष दलांतले माजी सैनिक. इबोगेनला अमेरिकेत परवानगी नाही, म्हणून त्यांनी ते मेक्सिकोत घेतलं, सोबत शिरेतून मॅग्नेशियम. अपंगत्वाचे गुण (जास्त म्हणजे वाईट) सरासरी ३०.२ होते, ते महिन्याने ५.१ वर आले. आकडा मोठा आहे आणि तो झटकून टाकायचं कारण नाही.

पण त्या लोकांचा मार कसला होता ते बघा. बहुतेकांचा सौम्य, स्फोटांच्या हादऱ्यांनी पुन्हा पुन्हा बसलेला, जुना. माणसं हिंडती-फिरती, स्वतः संमती देणारी. त्रास होता तो नैराश्य, भीती आणि युद्धाच्या आठवणींचा, आणि सुधारणा मुख्यतः त्यातच झाली. तुलनेला औषध न दिलेला गट नव्हता. प्रत्येकाला आपण काय घेतोय हे माहीत होतं आणि बरं व्हायच्या आशेनंच तो तिथवर गेला होता. जीसीएस १३ ते १५ म्हणजे सौम्य, ८ किंवा खाली म्हणजे गंभीर. तुमचा रुग्ण ६ चा. दोन्हींच्या कागदावर 'ब्रेन इंजुरी' लिहिलेलं असतं, साम्य तिथेच संपतं.

'मेंदू जोडतो' हे कुठून आलं? २०२१ मध्ये 'न्यूरॉन' नियतकालिकात उंदरांवरचं काम आलं. सायलोसायबिनच्या एका डोसनंतर मेंदूच्या पुढच्या भागात चेतापेशींच्या फांद्यांवरचे बारीक काटे आकाराने आणि संख्येने सुमारे १० टक्क्यांनी वाढले, आणि महिन्यानंतरही फरक दिसत होता. काम चांगलं आहे. फक्त त्या उंदरांच्या डोक्याला मार लागलेला नव्हता.

तासगावकडच्या घरात द्राक्षाच्या भाषेत सांगा. छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट लावली की जिवंत काडी फुटते. खोडच आतून चिरलं असेल तर पेस्टनं ते सांधत नाही. डिफ्यूज ॲक्सोनल इंजुरीत पेशीचा लांब तंतू तुटलेला असतो, म्हणजे खोडाचं दुखणं. काटे वाढवणारं औषध उरलेल्या पेशींना नव्या जोडण्या करायला कदाचित मदत करेल, तीही त्या दिवसांत सराव करून घेतला तर. गंभीर मार लागलेल्या माणसांत हे सिद्ध झालेलं नाही.

औषधशास्त्र_कराड
धोक्याबद्दल. तीन पदार्थ, तीन वेगळी कारणं. एका दमात 'नशा' म्हणून सांगू नका, लोकांना ते पटत नाही.

इबोगेन हृदयावर घाव घालतं. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी जी वाट असते, तीच ते अडवतं. ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला वेळ लागतो, ईसीजीवर क्यूटी (ठोका सुरू झाल्यापासून हृदय पूर्ववत होईपर्यंतचा वेळ) लांबतो, आणि एखादा ठोका नको त्या क्षणी पडला की टॉरसाड नावाची जीवघेणी लय सुरू होते. यात माणसं दगावली आहेत. शिवाय ते यकृतात नॉरइबोगेन होऊन शरीरात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे 'रात्र सुखरूप गेली' म्हणजे सुटलो असं नाही. उलट्या होतात, पोटॅशियम आणखी घसरतं. वर कोणी उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन दिलं तर तेही क्यूटी लांबवतं. तुमच्या रुग्णाचं एस्सिटॅलोप्रॅमही त्याच यादीतलं.

हे मोजून दाखवता येतं. नेहमीच्या ईसीजी कागदावर एक लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा. क्यूटी साडेनऊ चौकोन भरला तर ३८०. नाडी ६० असेल तर काळजी नाही. नाडी १०० असेल तर दोन ठोक्यांतलं अंतर ०.६ सेकंद, त्याचं वर्गमूळ ०.७७, बॅझेटच्या सूत्राने क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ४९० येतो. जलद नाडीला हे सूत्र जास्त आकडा दाखवतं, म्हणून फ्रिडेरिशियाने घनमूळ घेऊनही बघा : सुमारे ४५०. ५०० ओलांडला की टॉरसाडचा धोका चांगलाच वाढतो. सैनिकांना मॅग्नेशियम दिलं ते याचसाठी, आणि निवड आधी तपासून केलेली होती.

सायलोसायबिन आणि एलएसडी हृदयाला त्या मानाने सौम्य. तिथे अडचण मेंदूचीच आहे : गंभीर मार लागलेल्याला फिट येण्याची शक्यता मुळातच जास्त, आणि जो आत्ताच गोंधळलेला, भडकणारा आहे त्याला सहा-आठ तासांच्या भ्रमात टाकायचं. एलएसडी तर त्याहून लांबतं. नैराश्यावरच्या चाचण्यांतही आधी तयारीच्या बैठका, मग दिवसभर शेजारी बसणारा प्रशिक्षित माणूस, मग पुन्हा बैठका असतात. दोन शब्द बोलणाऱ्याला 'भीती वाटतेय' हेही सांगता येणार नाही.

आणखी एक. एस्सिटॅलोप्रॅम अधिक ट्रॅमाडॉल ही जोडी आजच्या आज डॉक्टरांना दाखवा. ट्रॅमाडॉल फिटचा उंबरठा खाली आणतं आणि दोन्ही मिळून सेरोटोनिन (चेतापेशींमधला निरोप्या रसायन) वाढवतात, ते फार वाढलं तर धोका. या व्हिडिओच्या निमित्ताने रुग्णाचा खरा फायदा इथेच होऊ शकतो.

पाटणचा_वाचक
एक शंका. काही ठिकाणी सांगतात की इबोगा म्हणजे आपली तगरच, मुळी उगाळून द्या. हे खरं आहे का?

औषधशास्त्र_कराड
नाही दादा. इबोगा हे मध्य आफ्रिकेतलं, गॅबॉनकडचं झुडूप. तगर त्याच कुळातली आहे आणि तिच्यात त्या धाटणीची काही अल्कलॉइड्स सापडतात, त्यावरून ही गोष्ट निघाली असावी. पण कुळ एक म्हणून औषध एक होत नाही. सदाफुली त्याच कुळातली, तिच्यातून कॅन्सरची औषधं निघतात. आणि कण्हेरही त्याच कुळातली. तिनं हृदय बंद पडतं हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मुळीत कोणतं द्रव्य किती, हे उगाळून कळत नाही.

पावसाळ्यात शेणावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांबद्दलही तेच. विषारी अळंबीची उलटी-जुलाब बऱ्याचदा सहा ते बारा तासांनी सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्यानंतर यकृत बसतं. मधल्या बऱ्या दिवसाला फसू नका, सरळ दवाखान्यात न्या.

वकील_सातारा
कायद्याचं थोडक्यात. सायलोसायबिन, एलएसडी, डीएमटी, एमडीएमए हे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ खाली येतात. एलएसडीची 'व्यापारी' मात्रा ०.१ ग्रॅमपासून धरतात. त्याला किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि किमान १ लाख दंड. 'औषध म्हणून मागवलं' हा बचाव कुरिअर उघडल्यावर चालत नाही.

कोणी 'ट्रायल'मध्ये घेतो म्हणालं तर सीटीआरआय (औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक मागा. तो सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडा असा असतो. सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. रुग्णाकडून औषधाचे पैसे मागितले की तिथूनच परत फिरा.

फिजिओ_विश्रामबाग
ट्रॅमाडॉलचं आजच कळवते. एक अडतंय : सेरोटोनिन जास्त झालं की घोट्याला क्लोनस (पाऊल वर दाबलं की लागोपाठ बसणारे झटके) येतो म्हणतात, पण या रुग्णाच्या उजव्या घोट्याला तो स्पास्टिसिटीमुळे (स्नायूंच्या ताठरपणामुळे) आधीपासूनच आहे. मग ओळखायचं कसं? आणि हे सगळं नको, तर नातेवाइकांच्या हातात काय द्यायचं?

न्यूरो_मिरज
दोन्ही बाजू बघा. स्पास्टिसिटीचा क्लोनस दुबळ्या बाजूला, जुना आणि रोज साधारण तेवढाच. डाव्या, चांगल्या घोट्यालाही नव्यानं आला, सोबत घाम, थरथर, ताप, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तर वाट न बघता दवाखान्यात पाठवा. म्हणूनच पहिल्या भेटीत दोन्ही घोट्यांच्या क्लोनसचे झटके मोजून वहीत लिहून ठेवावेत.

आता हातात काय द्यायचं. आधी डोक्याच्या त्या जागेकडे बघा जिथं हाड नाही. कातडी खोल बसलीय, रुग्णाला उठवून बसवलं की तो मंदावतो, आडवं केलं की जरा तरतरीत होतो, असं दिसलं तर हाड बसवण्याबद्दल सर्जनना लगेच विचारायला हवं. काही रुग्ण त्या एका ऑपरेशननंतर स्पष्ट सुधारतात. जागा फुगून घट्ट झालीय आणि चालणं-लघवी बिघडतेय, तर मेंदूत पाणी साठलंय का म्हणून सीटी.

भडकण्याचं कारण कधी लेव्हेटिरॅसिटॅमच असतं. घरी बंद करू नका, फिट येईल. डॉक्टर बदलून देऊ शकतात. सोडियम आणि थायरॉइड तपासा, सकाळचं कॉर्टिसॉलही, कारण डोक्याच्या मारानंतर पिट्यूटरी (मेंदूच्या तळची, हार्मोन्सचा ताबा ठेवणारी ग्रंथी) कधी मंदावते आणि ती मरगळ सगळे 'मेंदूचीच' समजतात. रात्री झोप लागावी म्हणून हॅलोपेरिडॉल किंवा झोपेची गोळी चालू असेल तर तीही विचारा.

जागं करणारं, माणसांवर नीट तपासलेलं औषध हवं असेल तर अमँटाडीन आहे. २०१२ च्या चाचणीत १८४ रुग्ण होते, दुखापतीनंतर ४ ते १६ आठवड्यांचे, भान नसलेले किंवा अगदी कमी असलेले. १०० मिलिग्रॅम दोन वेळा असं १४ दिवस, गरज पडली तर तिसऱ्या आठवड्यात १५०, चौथ्यात २००. औषध चालू असताना सुधारणेचा वेग वाढला. बंद केल्यावर तो मंदावला. तुमचा रुग्ण त्या टप्प्याच्या पुढे आलाय, त्यामुळे उपयोग तेवढाच होईल असं धरू नका. क्रिएटिनिन बघूनच सुरू करतात, कारण ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. दुसरा डोस दुपारीच, नाहीतर रात्र जागून जाते. फिट येणाऱ्यात जपून.

इबोगेनवर नजर ठेवायची असेल तर टेक्सासकडे ठेवा. तिथल्या राज्य सरकारने २०२५ मध्ये त्याच्या चाचण्यांसाठी ५ कोटी डॉलर मंजूर केले आहेत.

फिजिओ_विश्रामबाग
हाड काढलेली जागा खोल बसलेली आहे, रुग्णाला बसवल्यावर वीस मिनिटांत बोलणं बंद होतं. थकवा समजत होते. उद्या सकाळी आडवं आणि बसवून, दोन्ही वेळचं बोलणं मोबाइलवर चित्रित करून सर्जनकडे पाठवते.