बी.कॉम.नंतर एलएलबी: नॅकच्या ग्रेडवर किती विसंबावं?

खानापूरकर_बाबा
नमस्कार मंडळी. लेक यंदा बी.कॉम. झाली, ५८ टक्के. तीन वर्षांचं एलएलबी करते म्हणतेय. बजेट फी, पुस्तकं, पास सगळं धरून वर्षाला ४० हजार, त्यापुढं हात पोचत नाही. एका कॉलेजच्या गेटवर नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, ग्रेड कॉलेजच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवलीय. त्यावर विसंबावं का? आत खरंच शिकवतात का, हे बाहेरच्यानं कसं ओळखायचं? घरात कुणी वकील नाही. मी कोर्टाची पायरी चढलोय ती भावकीच्या वाटणीपायी.

टिळकवाडी_जुना
बेळगाव जिल्ह्यात राहून हे विचारायचं? आर. एल. लॉ कॉलेज, १९३९ पासूनचं. सरन्यायाधीश झालेले वेंकटरामय्या तिथं शिकले. आम्हीही तिथलेच. संपला विषय.

निपाणी_टू_पुणे
माझा मुलगा नॅशनल लॉ स्कूलला आहे. क्लॅटची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. ४० हजारांत हल्ली काय येतं हो, त्याचा नुसता लॅपटॉप ७० चा आहे.

भजी_विथ_चहा
क्लॅट बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला असते. पोरगी पदवीधर आहे. आधी प्रश्न वाचा की वो.

शाहूनगरी
कोल्हापूरला पाठवा. शहाजी लॉ १९३३ चं, म्हणजे तुमच्या आर. एल.पेक्षा सहा वर्षं थोरलं. मराठीत पेपर लिहिता येतो. महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांत गाव असेल तर दाखला काढून ठेवा.

टिळकवाडी_जुना
मराठीत पेपर लिहून बेळगावच्या कोर्टात कन्नड कागद कोण वाचणार? तुम्ही येणार का बसनं?

शाहूनगरी
१९५६ पूर्वीचे, बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हाचे, बरेच कागद मराठीत आणि मोडीत आहेत. ते कोण वाचणार?

भजी_विथ_चहा
झालं सुरू. बाबा, महाराष्ट्राची सीईटी दिली होती का तिनं?

खानापूरकर_बाबा
नाही दिली.

भजी_विथ_चहा
मग यंदा कोल्हापूर मिटलं. (तरी हे दोघं संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत बघा.)

कटघरा_भाड्याचा
ग्रेडचं विचारता? आमच्या कॉलेजात (नाव घेत नाही, अजून एक मार्कलिस्ट अडकलीय) तपासणी पथक येणार म्हणून मूट कोर्टाचा (सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टाचा) कटघरा मंडपवाल्याकडून आणला होता. दुसऱ्या दिवशी परत. लग्नाचं सीझन होतं म्हणून जादा भाडं. तीन वर्षांत त्या कटघऱ्यात मी एकदाच उभा राहिलो, तेही फोटोपुरता. शिक्षकांविषयीचे अभिप्राय फॉर्म पण आमच्याकडून एकाच तासाला भरून घेतले, 'उत्तम' वर टिक करा म्हणून.

वकील_गल्ली
१८ वर्षं प्रॅक्टिस आहे, म्हणून बोलतो. नॅकची ग्रेड कॉलेजला असते, एलएलबीच्या वर्गाला नाही. इमारत, कागदपत्रं, संशोधन, निकाल सगळ्याची ती सरासरी. वकिलीच्या शिक्षणावर देखरेख बार कौन्सिल ऑफ इंडियाची, २००८ च्या नियमांप्रमाणे. तेव्हा पहिलं काम, कॉलेजची बार कौन्सिलची मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे ते पत्र मागा. संपलेली असेल तर ग्रेड कितीही गोड असो, पुढं सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, लटकाल.

दुसरं, चार क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे, पेपर असतात: मसुदे लिहिणं, वकिली नीती, लवाद-तडजोड आणि मूट कोर्ट. मागच्या बॅचच्या मुलांनी या पेपरांसाठी लिहिलेल्या डायऱ्या बघायला मागा. एकाच अक्षरात चाळीस डायऱ्या दिसल्या की नमस्कार करून बाहेर या. तीन वर्षांच्या कोर्सला निदान १२ आठवडे इंटर्नशिप लागते. ती मुलं खरोखर कोर्टात बसली की सही आणून दिली, हे कॅन्टीनमध्ये कळतं, ऑफिसात नाही.

कायमचे शिक्षक किती, हेही विचारा. कॉलेजच्या साइटवर नॅकला दिलेला वार्षिक अहवाल असतो. त्यातले आकडे आणि वर्गात दिसणारी माणसं जुळवून बघा.

निपाणी_टू_पुणे
मी हेच म्हणत होतो.

भजी_विथ_चहा
कधी म्हणालात?

हिंडलगा_हायवे
इतकं कशाला? माझा मेहुणा नोकरी करत घरबसल्या एलएलबी करालाय. एजंट सगळं बघतो, हजेरी-बिजेरी काही नाही.

वकील_गल्ली
घरबसल्या एलएलबीला सनद मिळत नाही. प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, वर्गही सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मध्येच घ्यायचे असतात. पदवीनंतर ऑल इंडिया बारची परीक्षा आहेच. मेहुण्याला एजंटाकडून पैसे परत मागायला सांगा.

हिंडलगा_हायवे
एजंट फोन उचलेना झालाय. तरीच.

टिळकवाडी_जुना
बाबा, घेतला का प्रवेश? आर. एल. ना?

खानापूरकर_बाबा
सगळ्यांचे आभार. पाटीवाल्या कॉलेजात जाऊन डायऱ्या मागितल्या. कारकून म्हणाला, सर रजेवर आहेत, कपाटाची किल्ली त्यांच्याकडं. तीनदा गेलो, तीनदा सर रजेवर. मग लेक म्हणाली, मी धारवाडला जाते. तिथं हायकोर्टाचं खंडपीठ आहे, आणि तिथं राहिल्याशिवाय माझं कन्नड सुधारणार नाही. खानापुरातनं लोंढ्यावरून रेल्वे आहेच. तिथल्या डायऱ्या बघितल्या, अक्षरं वेगवेगळी होती. काही तर इतकी घाण की खरीच असणार.

शाहूनगरी
धारवाड? धारवाडचं नाव इथं कुणी घेतलं तरी का?

भजी_विथ_चहा
४० हजारांत बसलं?

खानापूरकर_बाबा
हॉस्टेल धरून ६५. भावकीच्या वाटणीत जमीन मिळाली तर बसेल. केस अजून चालू आहे.