मदत हवी आहे : मेनफ्रेमच्या बॅचमध्ये सबटास्क वापरावेत की सरळ चार जॉब करावेत?

नमस्कार मंडळी. मी मूळचा खानापूरचा असून बेळगावात घरून काम करतो. आमच्याकडे मेनफ्रेमवर हात बसलेली माणसे पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेलेली, म्हणून येथे विचारतो आहे.

झेड/ओएस या मेनफ्रेमच्या (मोठ्या व्यावसायिक संगणकाच्या) कार्यप्रणालीवरचा, कोबोल भाषेतला आमचा एक प्रोग्रॅम रात्री प्रत्येक विमा पॉलिसीचा हप्ता नव्याने काढून डीबी२ या डेटाबेसमध्ये नोंदवतो. बहुतेक वेळ सीपीयूत नव्हे, तर डीबी२च्या उत्तराची वाट पाहण्यात जातो. त्यामुळे पॉलिसी क्रमांकांचे चार भाग पाडून ते एकाच वेळी चालवावेत, असे ठरले आहे. वरिष्ठांना ते एकाच जॉबमध्ये हवे आहे : असेंब्लर भाषेतला छोटा ड्रायव्हर (नियंत्रक प्रोग्रॅम) अटॅच मॅक्रोने चार सबटास्क, म्हणजे त्याच जॉबमध्ये समांतर चालणारी उपकामे, सुरू करील, प्रत्येकाच्या ईसीबीवर (काम संपल्याची खूण जेथे नोंदली जाते त्या स्मृतीतील जागेवर) वेट करील आणि जो संपेल त्याला डिटॅच करील.

सबटास्क चालू असताना मुख्य टास्क परतला तर ए०३ अबेंड (काम अकाली कोसळणे) येतो, हे ठाऊक असल्याने तेवढी काळजी घेतली आहे. खरी धास्ती निराळी आहे. एखादा सबटास्क अबेंड झाला, तरी मुख्य टास्क त्यासोबत पडत नाही. त्याचा कम्प्लीशन कोड ईसीबीत येऊन बसतो, आणि ड्रायव्हरने तो तपासला नाही तर जॉब शून्य, म्हणजे ‘सारे ठीक’, अशा रिटर्न कोडने संपून शेड्युलर (जॉब क्रमाने सोडणारी प्रणाली) पुढचा जॉब खुशाल सोडतो. तोपर्यंत उरलेल्या तिघांचे बदल कमिट (कायम) होऊन गेलेले असतात, कारण प्रत्येक टास्कचे डीबी२ थ्रेड (डेटाबेसशी जोडणी) स्वतंत्र असते.

दुसरी अडचण अहवालाची. कोबोलच्या, फाइल ठरवणाऱ्या सिलेक्ट वाक्यातील असाइनचे नाव चारही प्रतींत एकच, म्हणजे चौघेही एकाच डीडीवर (जॉबमध्ये फाइल नेमून देणाऱ्या ओळीवर) लिहिणार आणि एकमेकांच्या नोंदी पुसणार.

मला स्वतःला पॅरममधून (जॉब प्रोग्रॅमला देतो त्या मूल्यातून) क्रमांकांची मर्यादा घेणारे चार वेगळे जॉब बरे वाटतात. डीडी, रिटर्न कोड आणि रीस्टार्ट हे सारे त्यात आपसूक सुटे होते. सबटास्कच्या बाजूने मला एकच मुद्दा दिसतो : दरांचा तक्ता स्मृतीत एकदाच भरून त्याचा पत्ता चौघांना देता येईल. आमचा तक्ता मात्र लहानच आहे.

प्रत्यक्ष उत्पादनात कोबोलचे सबटास्क चालवलेल्यांनी कृपया सांगावे : प्रत्येक सबटास्कला वेगळा डीडी आपण कसा दिला, आणि एकच भाग अबेंड झाल्यास रीस्टार्टसाठी नोंद कोठे ठेवता?